सतरा-सी हातात पडल्याशिवाय केंद्र सोडू नका
(विधानसभेच्या सर्व उमेदवारांना खुले पत्र)

प्रति,
महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक लढवू इच्छिणारे सर्व उमेदवार :
पुन्हा उभे राहणारे विद्यमान आमदार आणि त्यांना आव्हान देणारे

सप्रेम नमस्कार.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी सायंकाळी पाच वाजता राज्यात ५८.२२ टक्के मतदान झाल्याचे जाहीर झाले. अंतिम आकडा आला ६६.०५ टक्के. मधल्या ७.८३ टक्क्यांवरून सभा गाजल्या, पत्रकार परिषदा झाल्या, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. या वादाचे उत्तर देणारा कागद त्याच रात्री राज्यातल्या लाखभर मतदान केंद्रांवर भरला गेला होता. त्याची साक्षांकित प्रत तुमच्या मतदान प्रतिनिधीला, म्हणजे केंद्रात तुमच्या वतीने बसणाऱ्या माणसाला, फुकट मिळणार होती. आमचा प्रश्न साधा आहे : तुमच्या मतदारसंघातल्या किती केंद्रांच्या प्रती आज तुमच्या कपाटात आहेत?

हा कागद म्हणजे नमुना १७-सी, भाग एक. केंद्रावर नोंदल्या गेलेल्या मतांचा हिशेब. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधल्या नियम ४९-एस प्रमाणे मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने तो भरायचा आणि त्या वेळी हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला पोच घेऊन त्याची प्रत द्यायची. "त्या वेळी हजर" हे शब्द अधोरेखित करून ठेवा. चार वाजता घरी गेलेल्या प्रतिनिधीला दुसऱ्या दिवशी प्रत पोहोचवण्याचे बंधन कुणावरही नाही.

आधी त्या पाच वाजताच्या आकड्याबद्दल, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहे. दर दोन तासांची टक्केवारी १७-सी वरून निघत नाही. केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवरचे, म्हणजे यंत्राच्या मते साठवणाऱ्या भागावरचे, टोटलचे बटण दाबतो, आकडा क्षेत्रीय अधिकाऱ्याला सांगतो, तो पुढे कळवतो, मग तो ॲपवर चढतो. कुणाचा फोन लागत नाही, कुणी साडेचारचाच आकडा पाचचा म्हणून देतो, कुणाच्या दारात रांग असल्याने आकडा राहूनच जातो. त्यामुळे पाचचा आकडा अंदाजाचा, आणि बहुधा कमीच असतो. आता गणित करू. राज्यात मतदार सुमारे ९.७० कोटी. त्यांचे ७.८३ टक्के म्हणजे जवळपास ७६ लाख. केंद्रे एक लाखाच्या थोडी वर. म्हणजे केंद्रामागे सरासरी ७५ मते. दिवसभरात सुमारे ६.४० कोटी मते पडली, ती सकाळी सात ते सायंकाळी सहा या अकरा तासांवर विभागली तर केंद्रामागे ताशी ५८ येतात. शेवटचा तास, त्यानंतरची रांग आणि उशिरा कळवलेले आकडे धरले तर ७५ ही संख्या अशक्य कोटीतली नाही.

पण सरासरीने कुणाचे समाधान होऊ नये, आमचेही होत नाही. एका केंद्रावर २० आणि दुसऱ्यावर ३०० वाढली तरी सरासरी तीच दिसते. ३०० वाढलेल्या केंद्रावर प्रश्न विचारायलाच हवा. तो विचारायचा तर त्या केंद्राचे चार आकडे तुमच्याकडे हवेत : पाच वाजताचे टोटल, सहा वाजताचे टोटल, सहाला रांगेत उभ्या असलेल्यांना दिलेल्या चिठ्ठ्यांची संख्या आणि मतदान बंद करणारे क्लोजचे बटण दाबण्याआधीचे शेवटचे टोटल. चिठ्ठ्या रांगेच्या शेपटाकडून वाटतात, पहिला क्रमांक सर्वांत मागच्या माणसाला. म्हणजे नंतर येऊन कुणी मागे जोडला जाऊ शकत नाही आणि शेवटच्या चिठ्ठीचा क्रमांक हीच रांगेतली संख्या. सहाचे टोटल अधिक चिठ्ठ्या बरोबर अंतिम टोटल, एखाददुसरा न मतदान करता गेला तर तेवढा फरक. हे चार आकडे वहीच्या पाठीमागे लिहायला दोन मिनिटे लागतात. राज्यभर झालेल्या त्या वादात असे चार आकडे घेऊन बोलणारे विरळाच.

आता कागदाकडे या. वर कंट्रोल युनिट, बॅलेट युनिट (मतदार बटण दाबतो तो भाग) आणि व्हीव्हीपॅट (दिलेल्या मताची चिठ्ठी छापणारे यंत्र) यांचे क्रमांक असतात. खाली केंद्रावरचे एकूण मतदार, मतदाराची सही घेतात त्या नोंदवही १७-ए मधल्या नोंदी, सही केल्यानंतर मत द्यायचे नाही म्हणणारे (नियम ४९-ओ), गुप्ततेचा भंग केल्यामुळे मत देऊ न दिलेले (४९-एम), चाचणी मते (४९-एमए) आणि यंत्रावरची एकूण मते. त्यानंतर प्रदत्त मतपत्रिका (आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेल्या मतदाराला देतात त्या) आणि कागदी मोहोरांचा हिशेब. समजा, १७-ए मध्ये ८१३ नोंदी आहेत, दोघांनी मत देणार नाही म्हटले, एकाला देऊ दिले नाही. यंत्रावर ८१० दिसायला हवेत. ८१० नसतील तर तिथल्या तिथे बोला. फरक का पडला हे केंद्राध्यक्षाला त्याच रकान्यात लिहावे लागते. बहुतेक वेळा कारण साधे निघते. नोंदवहीत एक अनुक्रमांक सुटलेला असतो किंवा दोनदा पडलेला असतो, किंवा सही करून मतदार गर्दीत तसाच निघून गेलेला असतो आणि ४९-ओ ची नोंद राहिलेली असते. त्या खोलीत ते पाच मिनिटांत सापडते. मतमोजणीच्या दालनात सापडत नाही.

चाचणी मताचे थोडे समजून घ्या, कारण तिथे भलेभले चुकतात. "मी दाबले एक, चिठ्ठी आली दुसरी" अशी कुणाची तक्रार असेल तर त्याच्याकडून लेखी प्रतिज्ञापन घेतात, १७-ए मध्ये त्याची दुसरी नोंद होते आणि सर्वांसमोर तो चाचणी मत देतो. तक्रार खोटी ठरली तर कारवाई त्याच्यावर. खरी ठरली तर मतदान तिथेच थांबते. हे चाचणी मत यंत्रात बसलेले असते, नोंदवहीतही असते. त्यामुळे बेरीज जुळते आणि सगळे निश्चिंत होतात. ते कुणाला पडले हे १७-सी मध्ये लिहून मोजणीत वजा करायचे असते. तो रकाना कोरा राहिला तर एका उमेदवाराला एक मत फुकटचे.

एक मत म्हणजे काय होते, असे म्हणू नका. २०२४ मध्ये मालेगाव मध्यमध्ये मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी निवडून आले. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी, बेलापुरात मंदा म्हात्रे ३७७ मतांनी, बुलढाण्यात संजय गायकवाड ८४१ मतांनी. चौघेही विद्यमान आमदार होते, चौघेही आपली जागा राखत होते. चार पक्षांचे चार जण. म्हणून हे पत्र फक्त आव्हान देणाऱ्यांसाठी नाही. १६२ मतांनी जिंकलेल्या माणसालाही आपला विजय कागदावर दाखवावा लागतो, आणि तेव्हा साडेतीनशे केंद्रांच्या प्रतींचा गठ्ठा दहा वकिलांपेक्षा उपयोगी पडतो.

सकाळची चूक तर शेकड्यात जाते. मतदान सातला असेल तर अभिरूप मतदान (मॉक पोल), म्हणजे यंत्र तपासण्यासाठीचे लुटुपुटूचे मतदान, साडेपाचला सुरू होते. प्रतिनिधी आलेले नसतील तर केंद्राध्यक्ष पंधरा मिनिटे थांबतो, त्यानंतर सुरू करतो. किमान ५० मते, नोटासह प्रत्येक बटणाला काही ना काही. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने बटणे. यंत्राचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या जुळवायच्या, चिठ्ठ्यांच्या पाठीवर मॉक पोलचा शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात घालून मोहोरबंद करायच्या. यात दोन गोष्टी राहतात. एक, क्लिअर दाबायचे राहते आणि ५० खोटी मते खऱ्या मतांच्या खाली बसून राहतात. दोन, यंत्र क्लिअर होते पण चिठ्ठ्या पेटीतून काढायच्या राहतात. दोन्हींचे कारण एकच : घड्याळ पावणेसातवर आले, बाहेर रांग लागली, मोहोरा लावायच्या बाकी आणि केंद्राध्यक्ष आदल्या दिवसापासून धड झोपलेला नाही. तुमच्या प्रतिनिधीने फक्त एवढे बघायचे : पहिला मतदार आत येण्याआधी टोटल दाबून शून्य दाखवले का, आणि व्हीव्हीपॅटची पेटी उघडून रिकामी दाखवली का. ते पाहिल्याशिवाय अभिरूप मतदानाच्या प्रमाणपत्रावर सही करू नये. क्लिअर न झालेले यंत्र मतमोजणीत बाजूला ठेवतात. विजयाचे अंतर अशा केंद्रांवरच्या मतांइतके किंवा त्यांहून कमी असेल तरच मग तिथल्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. तोवर उमेदवार, कार्यकर्ते, पत्रकार सगळे दालनाबाहेर तर्क लढवत बसतात, आणि त्यातून काय काय अफवा निघतात ते तुम्हाला माहीत आहे.

कंट्रोल युनिटला हिरवी कागदी मोहोर लावताना तिच्या पांढऱ्या बाजूवर प्रतिनिधींना सही करता येते. करावी. मोहोरेचा क्रमांक वहीत उतरवावा. कंट्रोल युनिटचा क्रमांक तर सर्वांत आधी. हे क्रमांक उमेदवारांना आधीच दिलेल्या यादीशी जुळतात का हे सकाळी सहाला बघायचे असते. निकालानंतर "आमच्या केंद्रावरचे यंत्रच बदलले" म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारला जातो की सकाळचा क्रमांक कुठे लिहिला आहे.

दिवसा यंत्र बिघडले तर काय होते हेही प्रतिनिधीला ठाऊक हवे. फक्त व्हीव्हीपॅट बंद पडले तर तेवढेच बदलतात, पुन्हा अभिरूप मतदान होत नाही. कंट्रोल युनिट किंवा बॅलेट युनिट बंद पडले तर तिन्हींचा सगळा संच बदलतो आणि नव्या संचावर नोटासह प्रत्येकाला एकेक मत देऊन चाचणी होते. अशा केंद्रावर दोन कंट्रोल युनिट तयार होतात, दोन्हींत मते असतात. प्रतिनिधी गडबडीत दुसऱ्याच यंत्राचा क्रमांक आणि टोटल लिहून आणतो, आणि मोजणीच्या दिवशी "तीनशे मते गायब" म्हणून ओरड होते. ती पहिल्या यंत्रात सुखरूप असतात. व्हीव्हीपॅट बिघडायचे कारण पुष्कळदा मांडणीत असते. बरोबर वर बल्ब, समोर उघडी खिडकी, सेन्सरवर थेट उजेड. कधी मागची खुंटी वाहतुकीच्या स्थितीत आडवीच राहिलेली असते. ती उभी केली की यंत्र चालू. तेवढ्यासाठी अर्धा तास रांग तटलेली असते.

विद्यमान आमदाराकडे काय जास्त असते, तर माणसे. मतदारसंघात सरासरी साडेतीनशे केंद्रे. प्रत्येक केंद्रावर एक प्रतिनिधी आणि दोन बदली, एका वेळी आत एकच. म्हणजे हजारभर नावे, हजारभर नमुना-१० (प्रतिनिधीच्या नेमणुकीचा कागद) आणि त्यावर उमेदवाराच्या किंवा निवडणूक प्रतिनिधीच्या सह्या. पाच वर्षे रस्ते, दाखले, बदल्या, लग्नकार्ये सांभाळलेल्या आमदाराकडे ही नावे तयार असतात. आव्हान देणारा ती शेवटच्या दोन रात्रींत गोळा करतो. मग निम्मे नमुने चुकीच्या केंद्राच्या नावाने भरले जातात, काहींवर सहीच नसते, आणि केंद्राध्यक्ष नियमाप्रमाणे त्यांना आत घेत नाही. यात कुणाचा कट नसतो. तो प्रतिनिधी शक्यतो त्याच केंद्राचा मतदार असावा. मतदार ओळखणारा माणूस पहिल्या तासात जे बघतो ते बाहेरून आणलेल्या हुशार पदवीधराला दिवसभरात दिसत नाही. अनुपस्थित, स्थलांतरित आणि मयत मतदारांची यादी केंद्राध्यक्षाकडे असते. त्यातल्या नावावर कुणी मत द्यायला आला की ओळखीचा माणूसच हात वर करतो. ओळखीवर आक्षेप घ्यायचा तर दोन रुपये भरावे लागतात. दोन रुपयांचे सुटे खिशात ठेवा, ही आमची गंभीर सूचना आहे.

आव्हान देणाऱ्याचे प्रतिनिधी बहुतेक चार ते पाचच्या दरम्यान उठतात. जेवणाचा डबा आलेला नसतो, बदली माणूस फिरकलेला नसतो, आणि आपल्या गल्लीचे मतदान आटोपले की त्याला वाटते काम झाले. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. फलकांवर हात सैल सोडणारे उमेदवार प्रतिनिधीच्या डब्यावर काटकसर करतात, हे आम्हाला कधीच उमगले नाही.

प्रत मागायचीही एक रीत आहे. सहानंतर केंद्राध्यक्षासमोर डझनावारी पाकिटे, मोहोरा, दैनंदिनी, शिवाय बाहेर गाडी उभी आणि क्षेत्रीय अधिकाऱ्याचे फोन. त्या वेळी आठ प्रतिनिधींसाठी आठ प्रती हाताने भरणे म्हणजे शिक्षा. "प्रती संपल्या", "उद्या तहसीलमधून घ्या" अशी उत्तरे तिथून येतात. म्हणून दुपारी साडेतीन-चारला, गर्दी ओसरलेली असताना, विनंती करा की कोऱ्या प्रतींवर यंत्रांचे क्रमांक, एकूण मतदार, मोहोरांचे क्रमांक हे न बदलणारे रकाने आत्ताच भरून ठेवावेत. पोचेवर सही द्यायची ती प्रत हातात आल्यावर. सायंकाळी मग चार-पाच आकडे आणि केंद्राध्यक्षाची सही एवढेच उरते. क्लोजचे बटण दाबले का हेही त्याच वेळी डोळ्यांनी बघा. ते राहिले तर मोजणीच्या दिवशी यंत्र निकाल दाखवत नाही आणि पुन्हा एक यंत्र बाजूला पडते. केंद्रात मोबाइल चालत नाही, त्यामुळे प्रतीचा फोटो बाहेर आल्यावर काढा. फोटो गटावर टाका, पण मूळ कागद त्याच रात्री केंद्र क्रमांकाने लावलेल्या फायलीत गेला पाहिजे.

या कागदाला काय जमत नाही तेही सांगतो. किती मते पडली हे तो सांगतो, कुणाला पडली हे नाही. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत डिसेंबर २०२४ मध्ये गावकऱ्यांनी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले आणि प्रशासनाने ते थांबवले. त्यांची शंका कुणाला किती पडली याबद्दलची होती. तिला १७-सी चा भाग एक पुरत नाही. त्यासाठी व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या आहेत, आणि त्या एरवी प्रत्येक मतदारसंघातल्या सोडत काढून निवडलेल्या पाच केंद्रांच्याच मोजल्या जातात.

मोजणीच्या दालनात साधारण चौदा टेबले असतात, साडेतीनशे केंद्रे म्हणजे पंचवीस फेऱ्या. तुमच्या मोजणी प्रतिनिधीने प्रत्येक यंत्रावर तीन गोष्टी बघायच्या : क्रमांक, मोहोर, एकूण मते. तिन्ही आपल्या प्रतीशी जुळवायच्या आणि मगच उमेदवारनिहाय आकडे लिहायचे. त्याच्या हातात प्रतच नसेल तर तो तिथे फक्त आकडे ऐकतो. हे काम करायला त्याला नमुना-१८ वर नेमता, मग त्या टेबलावर येणाऱ्या पंचवीस केंद्रांच्या प्रतींच्या झेरॉक्स फेरीच्या क्रमाने लावून आदल्या रात्रीच त्याच्या हातात द्या.

निकालानंतरची मुदत फार थोडी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या ५ टक्के यंत्रांची पडताळणी मागता येते, पण सात दिवसांत आणि खर्च भरून. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका ४५ दिवसांत. २०२४ चा निकाल २३ नोव्हेंबरला लागला, म्हणजे पहिली मुदत ३० नोव्हेंबरला आणि दुसरी ७ जानेवारीला संपली. डिसेंबर २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर केंद्रावरचे चित्रीकरण सर्वसामान्यांना पाहायला खुले नाही, आणि याचिका नसेल तर ४५ दिवसांनंतर ते नष्ट करता येते. नोंदवही १७-ए न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत. कुणाची परवानगी न मागता तुमच्या घरात ठेवता येईल असा केंद्रावरचा एकच कागद उरतो. कोणती पाच टक्के यंत्रे मागायची हेही त्यावरूनच ठरते, कारण सात दिवसांत साडेतीनशे केंद्रांपैकी नेमकी संशयाची सतरा-अठरा निवडायला दुसरे साधन नाही.

विद्यमान आमदारांना एक वेगळे सांगणे. सुरक्षा असलेल्या आमदाराला मतदान प्रतिनिधी होता येत नाही, आणि उमेदवार म्हणून केंद्रात फेरी मारताना सशस्त्र अंगरक्षक दारातच थांबवावे लागतात. तुम्ही आत आलात की केंद्राध्यक्ष उठून उभा राहतो, कारण काल तुम्ही तालुक्याच्या बैठकीत त्याच्या वरिष्ठांना झापलेले असते. त्या दिवशी त्या खोलीत त्याच्यापेक्षा मोठे कुणी नसते. दोन मिनिटांत बाहेर पडा आणि समोरच्या उमेदवाराच्या प्रतिनिधीलाही प्रत मिळू द्या. १६२ मतांनी जिंकलात तर ती प्रत त्याच्याकडे असण्यात तुमचाच फायदा आहे.

पुढची विधानसभा २०२९ ला. केंद्रांची यादी दरवर्षी मतदार याद्यांच्या पुनरीक्षणाबरोबर बदलते, केंद्रे फुटतात, खोल्या बदलतात. तेव्हा आत्ता करायचे काम एवढेच : केंद्रनिहाय तीन नावे, त्यांचे मतदार यादीतले भाग आणि अनुक्रमांक, आणि १७-सी ची कोरी प्रत समोर ठेवून दीड तासाचे एक प्रशिक्षण, ज्यात प्रत्येकाने ती एकदा स्वतःच्या हाताने भरायची.

आपले,
निवडणूक कामातून निवृत्त झालेले काही केंद्राध्यक्ष आणि प्रशिक्षक